सीलबंद खोलीतला बाण

गारखेड्यातली ती खोली अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी विहिरीतून प्रेतं काढली, रुळांवरून गोळा केली, आणि घरी जाऊन जेवलोही. या प्रकरणात प्रेत नव्हतं, तरी चार दिवस घास उतरत नव्हता. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात आणि आमच्या खात्याने त्यांना द्यायचा तेवढा त्रास तेव्हाच दिलेला आहे.

मी ठाण्याचा प्रमुख होतो. एका सकाळी साठीची एक मुस्लिम बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन बसली. तिचा धाकटा मुलगा दोन दिवसांपासून घरी नव्हता. वय तीस, बिनलग्नाचा. मोबाईल घरात, कपडे घरात. घर हिमरूची शाल विणणाऱ्यांचं. थोरला मुलगा मागावर बसायचा, धाकटा संगणकावर नक्षी काढायचा. आम्ही मिसिंग दाखल केली, वर्णन सगळीकडे पाठवलं, नातेवाइकांकडे चौकशी लावली. तीस वर्षांचा गडी दोन दिवस दिसला नाही तर पोलीस फार घाबरत नाहीत, हे खरं सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. शेजारच्या शिंप्याने आमच्या बीट हवालदाराला सांगितलं, की पोरगा गायब झाला त्या दुपारी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि थोरला ओरडला होता, "तुला जिता ठेवणार नाय!"

भांडणाचं कारणही कळलं. हिमरूच्या मागावर नक्षी कागदावर नसते, दोऱ्यांत बांधलेली असते. त्या दोऱ्यांना ते जाला म्हणतात. बापाने स्वतःच्या हाताने बांधलेला जाला थोरल्याने बाप गेल्यावरही मागावरून उतरवला नव्हता. धाकट्याने त्यातलं एकेक फूल संगणकात उतरवून घेतलं, आणि आता याचं काय काम, असं म्हणून तो जाला कात्रीने कापून टाकला. त्याच्या हिशोबाने काम नीट पार पडलं होतं. थोरल्याच्या हिशोबाने त्याने बापाला दुसऱ्यांदा पुरलं होतं.

आम्ही धाकट्याच्या खोलीचा पंचनामा केला. कापलेल्या दोऱ्यांचा ढीग, त्यात कात्री. कात्रीच्या पात्याला रक्त, फरशीवर रक्ताचे थेंब. टेबलावरचा संगणक चालूच होता. त्याचं तोंड अंगणातल्या खिडकीकडे, आणि पडद्यावर एक चौकट आलेली: अपडेट तयार आहे, आता बसवायचं की नंतर? सायबर सेलला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही बंदोबस्तात अडकलोय, दोन-तीन दिवसांत येतो, तोवर कशालाही हात लावू नका. घरात इन्व्हर्टर होता, वीज जायची भीती नव्हती. मी यंत्र तसंच चालू ठेवून दाराला कुलूप लावलं आणि लाखेचं सील मारलं. ही माझी चूक. चालू यंत्र म्हणजे उघडं दार असतं, एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती.

थोरल्याला रोज ठाण्यात बोलावून विचारपूस सुरू केली.

"जिता ठेवणार नाही, असं म्हणालास?"

"म्हणालो साहेब. और भी बोला. म्हणालो, आजपासून मला तोंड दाखवू नको. ते वाईट बोललो."

"मग काय केलंस?"

"जोहरच्या, दुपारच्या नमाजला गेलो. आलो तर तो नव्हता. गलती माझीच आहे, लिहून घ्या."

चार तास तो एवढंच बोलला. खोटं बोलणारा माणूस स्वतःची बाजू मांडत असतो. हा स्वतःवरच आरोप ठेवत होता. माझं मन म्हणत होतं, याने काही केलेलं नाही. पण मनाचा पंचनामा होत नाही. इकडे कात्री होती, रक्त होतं, धमकी होती, आणि वरिष्ठ साहेबांचा दिवसातून दोनदा फोन होता, "अटक कधी दाखवताय?"

सील मारल्याच्या तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी पहाऱ्यावर बसवलेला हवालदार ठाण्यात आला. तीस वर्षं नोकरी झालेला, घाटी रुग्णालयातल्या शवागाराबाहेर डबा खाणारा माणूस. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझी ड्युटी बदला."

"का? काय झालं?"

"बंद खोलीत कुणीतरी हाय."

"सील तुटलंय का?"

"सील शाबूत हाय. कुलूप शाबूत हाय. पण रोज चार वाजले की पडदा आपोआप उजळतो. ती चौकट येते. मग बाण हलतो साहेब. हळूहळू, माणसानं हलवावा तसा. त्या 'नंतर'वर जातो, दाबतो, अन् पुन्हा अंधार. खुर्ची रिकामी असते. मी दोन दिवस बघतोय. लई वंगाळ वाटतं तिथं."

"चहात काही टाकून पितोस का रे?"

"माझ्या लेकराची आण साहेब. तुम्ही या अन् बघा."

मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. पण दुपारी साडेतीनला त्याच्या शेजारी खिडकीपाशी जाऊन बसलो. अंगणात लख्ख ऊन होतं, कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. गजांतून आत पाहिलं तर खोलीत काळोख, दोऱ्यांचा ढीग, रिकामी खुर्ची. चारला पाच मिनिटं असताना म्हातारी आली. तिने चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आमच्याकडे न बघता गजांना धरून उभी राहिली.

"अम्मा, हे काय?"

"छोटा चार बजे चाय पीता है," ती म्हणाली. "आता येईल."

आणि पडदा उजळला. चौकट आली. बाण कोपऱ्यातून निघाला, मध्येच थांबला, थरथरला, पुन्हा निघाला. 'नंतर'वर जाऊन टेकला, पण लगेच दाबलं नाही. दोन-तीन मिनिटं तसाच राहिला. मग दाबलं आणि अंधार झाला. हवालदार पुटपुटत होता. म्हातारीचा चेहरा मात्र शांत होता. "देखा ना साहेब?" ती म्हणाली. "त्याची रूह आहे. रोज येते. मला बघायला येते." भीती वाटली, साफ भीती वाटली. आज कबूल करायला लाज नाही.

ठाण्यात येऊन मी सायबर सेलला फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्यांच्या एक मॅडम आल्या. पंचांसमक्ष सील तोडलं. त्या यंत्रापुढे बसल्या, पाच मिनिटं काहीबाही पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, भूत नाही. दुसरीकडून कुणीतरी हे यंत्र चालवतंय. तसा प्रोग्रॅम आत आहे."

"मग अपडेट पुढे कशाला ढकलायचं?"

"अपडेट बसलं की यंत्र बंद होऊन नव्याने सुरू होतं, पासवर्ड मागतं. तो इथंच बसून टाकावा लागतो. म्हणजे त्याचा धागा तुटला."

मग त्यांनी पडद्यावरचं बाकीचं बाजूला सरकवलं. मागे एक छोटी खिडकी उघडी होती, त्यात चित्र चालू होतं: अंगणाची खिडकी, गज, आणि गजांना नाक लावून आत बघणारा आमचा हवालदार. पडद्यावरचा कॅमेरा चालू होता, आवाजही पलीकडे जात होता. मी बाहेरच्या हवालदाराकडे पाहिलं, पुन्हा पडद्यातल्या हवालदाराकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही खोलीवर नजर ठेवून आहोत असं समजत होतो, आणि खोलीतून कुणीतरी आमच्यावर नजर ठेवून होतं.

कोण? ठिकाण शोधायला त्या प्रोग्रॅमच्या कंपनीला पत्र पाठवावं लागणार, उत्तराला काही आठवडे. वरिष्ठांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "उघड आहे, थोरल्याचा कुणी साथीदार पुरावे पुसतोय. अपडेट बसवा, धागा तोडा, यंत्र जप्त करा आणि संध्याकाळी अटक दाखवा." आदेश चुकीचा नव्हता. साथीदार असेल तर प्रत्येक मिनिटाला पुरावा जात होता. पण तिकडे तोच धाकटा असेल तर? तो जिवंत असल्याची खूण म्हणून आमच्याकडे एवढा एक धागा होता, आणि तोच मी माझ्या हाताने तोडून त्याच्या भावाला खुनात आत टाकणार होतो. मॅडमचा हात माउसवर. "सर, आता की नंतर?"

माझ्या नोकरीतला सगळ्यात छोटा निर्णय तो, एक बोट दाबायचा. "नंतर," मी म्हणालो. "चार वाजू द्या. जबाबदारी माझी."

थोरल्याला ठाण्यातून आणवलं. त्याला विचारलं, "असं काय आहे, जे जगात तुम्हा दोघांनाच माहीत आहे?" तो कापलेल्या दोऱ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अब्बांच्या जाल्यात एक चूक होती. कुणालाच दिसत नाही. त्यालाच दिसली होती, त्यानं मला दाखवली." मॅडमनी पडद्यावर कोरं पान उघडून लिहिलं: अब्बांच्या जाल्यात चूक कुठे होती? मग त्या माउस हातात धरून टेबलाच्या आडोशाला खाली बसल्या. गरज पडली तर 'नंतर' दाबायचं, एवढंच त्यांचं काम. आम्ही बाकीचे भिंतीला टेकून उभे, कॅमेऱ्याबाहेर. म्हातारीला सांगितलं, "अम्मा, तुम्ही रोजच्यासारख्या खिडकीत उभ्या राहा." कॅमेऱ्याचं तिला काहीच बोललो नव्हतो.

चारला चौकट आली. पंधरा मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली; तेवढ्यात कुणी 'नंतर' दाबलं नाही तर अपडेट आपोआप बसणार होतं. बाण निघाला आणि त्या पानापाशी गपकन थांबला. एक मिनिट. तीन मिनिटं. बाण त्या छोट्या चित्रावर गेला, खिडकीतल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर, आणि तिथं बराच वेळ राहिला. मग रिकाम्या खुर्चीपुढे, कुणाचा हात लागलेला नसताना, अक्षरं उमटायला लागली.

"सातव्या फुलाला एक पाकळी कमी."

थोरला मटकन खाली बसला. "तोच आहे," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. पंच एकमेकांचा हात धरून उभे होते. अक्षरं अजून उमटत होती.

"रक्त माझ्या बोटाचं. भाईजानला सोडा. त्यांनी तोंड दाखवू नको सांगितलं, मी दाखवणार नाही."

मॅडमनी घाईने आडोशातूनच विचारलं, "सर, काय लिहू?" मी सांगेपर्यंत बाण उठला. चौकटीकडे गेला. आम्हाला वाटलं, रोजच्यासारखा 'नंतर'वर जाईल. तो 'आता'वर गेला आणि दाबलं. पडदा काळा झाला, मग गोल गोल ठिपके फिरू लागले, मग पासवर्डची रिकामी पट्टी. संपलं.

मी पंचनाम्यात शब्द न् शब्द लिहून घेतला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि थोरल्याला म्हणालो, "जा घरी." वरिष्ठांनी झापलं, लेखी खुलासा मागितला, मी दिला. फरशीवरचं रक्त धाकट्याचंच निघालं, थेंबभर, बोट कापल्याएवढं. कंपनीचं उत्तर आलं तेव्हा दूरच्या एका शहरातल्या लॉजपर्यंत आमचा माणूस पोहोचला. त्याने रजिस्टरमधली सही पडताळली, सही याचीच होती. हा मात्र खोली सोडून गेला होता. सज्ञान माणूस, स्वखुशीने गेलेला. कागदावर प्रकरण मिटलं.

पण ही आठवण त्याची नाही, त्या दिवशी नंतर जे झालं त्याची आहे. पडदा काळा झाल्यावर मी बाहेर अंगणात आलो. मी खुशीत होतो हो, एक खून झालाच नव्हता, एक निरपराध वाचला होता! "अम्मा," मी म्हणालो, "मुबारक हो. मुलगा जिवंत आहे. तो रोज तुम्हालाच बघायला येत होता." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग काळ्या पडद्याकडे बोट करून विचारलं, "ये किसने बंद किया, साहेब? त्या मॅडमनं?"

आणि मी, आयुष्यभर लोकांकडून खरं काढून घेणारा, सवयीने खरं बोलून गेलो. "नाही अम्मा. त्यानंच."

ती पाठ फिरवून आत निघून गेली. चार दिवस तिचा मुलगा मेलेला होता आणि रोज चार वाजता तिच्याकडे येत होता. माझ्या एका शब्दाने तो जिवंत झाला आणि त्याने तिच्या तोंडावर दार लावलं. मॅडमनी बंद केलं, असं म्हटलं असतं तर कुठल्या कलमाचा भंग होत होता? जबाब कसा घ्यावा, पुरावा कसा जपावा, हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना पुष्कळ शिकवलं. आईला उत्तर देण्याआधी दोन श्वास थांबावं, हे मला त्या अंगणात शिकायला मिळालं, आणि ते माझ्या काही कामाला आलं नाही, कारण ती बाई त्यानंतर माझ्याशी एकदाही बोलली नाही.