कोरड्या कॉइलवर चर्चपर्यंत

उलटे पाय, पैंजणांचा आवाज, पिंपळाखाली बसलेली बाई... असलं काही पायजे असेल तर आत्ताच पुढे सरका. माझ्या गोष्टीत सकाळचे साडेदहा वाजलेत, डोक्यावर ऊन आहे, आणि जे काय आहे ते गाडीच्या बॉनेटखाली आहे.

आणि माझा भुताबितावर विश्वास नव्हताच. ग्रुपवर भुताचे आवाज काढून पोरांना घाबरवणारा मीच!

राहतो मोहन्याला, काम शहाडला मामाच्या गॅरेजमध्ये, जुन्या गाड्यांचं. जोडधंदा नकलांचा. सगळ्यात हिट नक्कल वर्तकनगरच्या फ्रान्सिस अंकलची. दर रविवारी आपल्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून कॉइलवर तळवा ठेवायचे, पोराचा ताप बघतात तसा, आणि नाकातून विचारायचे, "तापली नाय ना गो बाय?"

गेल्या वर्षी अंकल गेले. मुलीचं, सँड्राचं लग्न ठरलं, तर तिचा एकच हट्ट — चर्चला जाईन तर डॅडीच्या गाडीतनं. गाडी तयार ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आता कॉइल म्हणजे काय, तर ग्लासाएवढा डबा. आत तारेचं वेटोळं, तेलात बुडवलेलं. तेल तिला थंड ठेवतं. इंजिन बंद आणि चावी चालू राहिली, की ती बसल्या जागी भाजते, तेल बाहेर येतं. मग ठिणगी नाय, आणि गाडी नुसती शोभेची.

हे मला पाठ आहे. तरी लग्नाच्या सकाळी, त्यांच्या बिल्डिंगखाली, गाडीला फुलं लावून रील काढत बसलो. डॅशबोर्डचे लाल दिवे भारी दिसतात म्हणून चावी चालू ठेवली... आणि विसरलो.

जळका वास आला तेव्हा उडालो. बॉनेट उघडलं तर कॉइलमधून तेल ओघळून खाली थारोळं. फडक्यात धरून काढली, कानाशी हलवली... आत थेंब नाय. मीटर लावला. तार तुटलेली. स्पेअर कॉइल? शहाडला, फळीवर! मामा फोन उचलेना. मी गाडीभोवती फेऱ्या मारतोय, चर्चला अर्धा तास उरलाय, आणि पांढऱ्या गाऊनमध्ये सँड्रा जिन्यात.

"झालं का रे?"

"दोन मिनिटं, ताई!"

तीच मेलेली कॉइल परत बसवली. नुसती दाखवायला. घाबरलो की माझ्या तोंडातून आपोआप नक्कल निघते. तळवा ठेवला आणि अंकलच्या आवाजात बोलून गेलो, "तापली नाय ना गो बाय?"

कॉइल गार! मघाशी फडक्यातूनही चटका देत होती, ती आता फ्रिजमधून काढल्यासारखी.

चावी फिरवली. एका झटक्यात स्टार्ट.

चर्चपर्यंत एक आचका नाय. सँड्रा मागे बसून खिडकीच्या काचेवर बोटं फिरवत होती. ती उतरली, गाऊन सावरला, आणि इंजिन आपोआप बंद. परत स्टार्टर मारला, नुसतं घुर्र घुर्र. कॉइल अजून गारच.

दुसऱ्या दिवशी मामाने ती करवतीने कापली. आत ठणठणीत कोरडी, तार जळून दोन तुकडे. "हिच्यावर गाडी चालवलीस? कोणाला शेंड्या लावतोस?" मामाचा अजून विश्वास नाय. मी तीन मीटर लावून बघितले, दोन म्हाताऱ्या मेकॅनिकना विचारलं. दोघेही म्हणाले, असल्या कॉइलवर गाडी चालूच शकत नाय.

पण खरी हजेरी घेतली होती ती आदल्या, लग्नाच्याच संध्याकाळी, रिसेप्शनच्या हॉलवर, अंकलच्या बायकोने. न राहवून मी आंटीला सगळं सांगितलेलं. वाटलं, रडतील, नायतर छातीवर क्रॉसची खूण करतील. आंटींनी प्लेट खाली ठेवली.

"त्याच्या आवाजात हाक मारलीस? आज? अक्कल हाय का रं तुला? जिता होता तवा एक रविवार मला दिला नाय या गाडीपायी. आज पोरीचं लगीन, सूट घालून वर बसला असंल निवांत बघायला... आणि तू त्याचे हात परत काळे केलेस!"