सुमन लोकसभा वाचायची

सुमन गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहा पीत उभा होतो. मुलगा जिना उतरून आला, त्याचं तोंड बघूनच कळलं. कप ठेवला आणि वर गेलो. तिचा हात अजून कोमट होता. लोक म्हणाले, शांत गेली. बायको चाळीस माणसांच्या आवाजात बोलणारी, तिला शांत बघवेना मला...

पनवेलात माझं रद्दीचं दुकान होतं. मी चौथी शिकलेला, ती जवळच्या कोन गावची, सातवी पास. एका ग्रंथालयाने जागा सोडली तेव्हा लोकसभेच्या कामकाजाचे जाडजूड ग्रंथ माझ्याकडे आले, हिंदीतले. कोण काय बोललं, मंत्र्याने काय उत्तर दिलं, मधेच कोण ओरडलं, सगळं छापलेलं. मी पुठ्ठे फाडायला बसलो तर सुमन म्हणाली, "अवो, थांबा. माणसं बोलतायत त्यात." गठ्ठे घरी आले. पुढे दुकान बंद केलं, मग दुपारचं जेवण झालं की ती वाचायची आणि मी ऐकायचो. प्रत्येक सभासदाला वेगळा आवाज. मंत्र्यांना सगळ्यांना माझ्या थोरल्या भावाचा, नाकातला. हसून हसून माझी कवळी निसटायची.

कुणी जुना सभासद वारला की सभागृह थोडा वेळ उभं राहतं, तेही छापतात. ते आलं की सुमन उठायची. "उठा की. मेलेल्या माणसासमोर बसून ऱ्हाता?" मग आम्ही दोघं उभे, वर पंखा फिरतोय. असेच एकदा एकासाठी उभे राहिलो, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस दुसऱ्या ग्रंथात उठून आपल्या गावच्या पुलाबद्दल विचारायला लागला. सुमन वाचता वाचता थांबली.

"याला तर आपण पोचवला होता."

भानगड गठ्ठ्यांची होती. रद्दीवाला मापाला माप लावून बांधतो, साल बघत नाही. मागचं पुढे, पुढचं मागे झालेलं. नीट लावून देतो म्हटलं, तर म्हणाली, "नको. मेल्यावर बोलायला मिळतंय त्यांना, तुमचं काय जातंय?"

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबा, खारघरला चला आमच्याकडे. ही पुस्तकं मात्र देऊन टाकू, जागा नाही." मी म्हटलं, एक ग्रंथ वाचायचा राहिलाय, तो संपवून येतो. त्याला बरं वाटलं. मी ओळीवर बोट ठेवून अक्षर जुळवत बसलो. शब्द पुरा व्हायच्या आधीच कानात आला. सुमनच्या आवाजात. माझं बोट मागे, ती पुढे. हा ग्रंथ तिने कधी उघडलाच नव्हता. पानं एकमेकांना चिकटलेली, ती मीच सोडवली. म्हाताऱ्याला भास झाला म्हणाल. मीही तेच म्हणालो.

मग एक दिवस शेजारची रुक्साना दारात आली. "चाचा, दुपारला रेडिओ लावता का? बाईचा आवाज येतो."

"रेडिओ नाय घरात."

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि गेली. दुपारी तिच्या मोरीत भांडी वाजायची, ती दुसऱ्या दिवसापासून वाजेनाशी झाली. आता ती संध्याकाळी घासते.

लोक विचारतात, एकट्याला भीती वाटत नाही का. वाटते. ग्रंथ संपायची वाटते. म्हणून चार ओळी झाल्या की थांबतो. मुलाचा फोन येतो, "बाबा, झालं का वाचून?" मी म्हणतो, चाललंय. पण कितीही पुरवलं तरी पानं डावीकडे साठत चाललीत, उजवीकडे थोडी राहिलीत.

काल एक सभासद बोलायला उठला. अध्यक्षांनी परवानगी दिली. मी बोट पुढे सरकवलं, तेवढ्यात समोरून सुमनने श्वास घेतला, मोठा आवाज काढायच्या आधी घ्यायची तसा... मी पुस्तक मिटलं.

आज उघडलं नाही. तो माणूस आत उभा आहे. राहू दे उभा.