स्कायलॅबच्या दिवशी मी माफ केलं

माझी थोरली जाऊ सगळ्यांसमोर खाली वाकली आणि तिने माझे पाय धरले. थोरलीने धाकटीचे. माझ्या हातात डाळीचं पातेलं होतं, ते ठेवायचंही मला सुचलं नाही.

"तारे, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला," ती म्हणाली. "आता सगळीच मरतोय. जाताना मला माफ कर."

आणि मी तिला माफ केलं.

आळ खोटा नव्हता. — हे तीन शब्द मी आजवर कुणापुढे बोललेले नाहीत. नवऱ्यापुढे नाही, माहेरी नाही, देवळात हात जोडून उभी राहते तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगण्याइतकी मी धीट नाही.

एकोणऐंशी सालचा आषाढ होता. माझ्या वयाच्या माणसांना स्कायलॅब म्हटलं की पुरे, त्या दिवशी आपण कुठे होतो ते न विचारता सांगतात. बाकीच्यांसाठी — अमेरिकेने आकाशात सोडलेलं ते एक यंत्र होतं, घराएवढं मोठं. ते आता खाली पडणार, हे नक्की झालं होतं. कुठे पडेल ते सोडणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. रेडिओवर रोज त्याची बातमी असायची. बातमीत दोन वाक्यं असायची आणि गावात पोचेपर्यंत त्यांची दोनशे व्हायची. ठाणे जिल्हा जळणार. खाडीचं पाणी उकळणार. भिवंडीवरच पडणार, कारण एवढे लूम, म्हणजे यंत्रमाग, एका जागी आहेत आणि लोखंड लोखंडाला ओढतं — हे आमच्या गावातल्या शिकलेल्या माणसाने सांगितलं होतं. मी चौथी शिकलेली. मी कशाला त्याला खोटं पाडू?

आम्ही भिवंडीजवळ पूर्ण्याला राहायचो. आज तिथे गोदामांच्या रांगा आहेत, तेव्हा भाताची खाचरं होती. घरात आम्ही सहा माणसं — सासू, थोरले दीर, मथुरा वैनी म्हणजे माझी जाऊ, त्यांची मुलगी यमू, माझा नवरा आणि मी. नवरा कामतघरला लूमवर होता. ते पडणार त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तो अर्धी शिफ्ट टाकून घरी आला. लूमवरचे कामगार गाठोडी बांधून गावाकडे निघाले होते. "शेठ काय बोलला म्हाईत हाय?" तो म्हणाला. "बोलला, मरना है तो घर जाके मरो, मगर लूम बंद करके जाओ."

त्यावर आम्ही सगळे हसलो. मरणाची भीती होती, आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम येतं हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी कुणी लावणीला गेलं नाही. आज मरायचं तर गुडघाभर चिखलात कोण वाकेल? आषाढ होता, श्रावणाला वेळ होता, त्यामुळे गावात सकाळपासून कोंबड्या कापायला सुरुवात झाली. ज्याच्या दारात जे होतं ते चुलीवर गेलं. आमच्याही दोन कोंबड्या गेल्या. एखाद्या लग्नालाही एवढा वास गावात सुटला नसेल.

दुपारी ओटीवर सगळे बसलो होतो, तेव्हा सासूने सुरुवात केली. ती म्हणाली, मला पोटात ठेवून मरायचं नाही. माझे सासरे तेव्हा वारलेले होते. त्यांचा श्रावण मोठा कडक, साऱ्या गावाला ते सांगत फिरायचे. तर सासू म्हणाली, "त्याच्या सोमवारच्या आमटीत मी सुकटीचं पाणी घालायची. तीस वर्षं. त्याबिगर त्याला चव लागायची न्हाय, आन ताट ढकलून द्यायचा. आता तो वर देवाच्या पंगतीत मान ताठ करून बसला आसंल. मी जाऊन काय सांगू त्याला?"

दीर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तेच गंभीर झाले, उठले आणि शेजाऱ्याच्या दारात गेले. तीन वर्षांपूर्वी आपण शेताचा बांध दोन हात सरकवला हे त्याला सांगून आले. दोघांनी म्हणे मिठी मारली. माझ्या नवऱ्याने मला सांगितलं की रविवारचा ओव्हरटाइम हा ओव्हरटाइम नसतो, तो सिनेमाला जातो. मी म्हटलं, म्हाईत हाय, तिकिटाचे तुकडे खिशातून मीच काढते. तो जरा हिरमुसला. त्याला वाटलं होतं मला धक्का बसेल.

आता माझी पाळी होती. मी तोंड उघडलंही होतं — खरंच उघडलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे. पण पातेलं हातात घेऊन मी आत निघाले होते, हेही खरं. तोंड उघडणारी बाई आत कशाला जाईल?

तेवढ्यात मथुरा वैनी वाकली.

आता तो आळ कोणता, ते सांगते. लांबवून उपयोग नाही.

यमू दोन वर्षांची झाली तरी चालत नव्हती. वैनीने एकवीरा आईला कोंबडा बोलला. पोर चालू लागली. मग वैनीने एक पिल्लू निवडून वाढवलं, चैत्रात कार्ल्याला न्यायला. लाल, तुऱ्याचा, रुबाबदार कोंबडा झाला. तो हातावर तांदूळ खायचा. घरात त्याला कुणी हाकलायचं नाही, कारण तो देवीचा. मी नवी नवरी होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो माझ्या घोट्याला चोची मारायचा, आणि तरी लाड त्याचेच.

माघात काल्हेरला नात्यातली हळद होती. सगळे गेले. मला ताप होता म्हणून मी घरी राहिले. ताप सकाळीच उतरला होता. मला दिवस गेले नव्हते. मी उपाशीही नव्हते, घरात भात होता, सुकट होती. उगाच माझ्यासाठी कारण शोधू नका, मी पुष्कळ शोधलं आहे. मला तो कोंबडा खावासा वाटला. एकटीने, कुणाला वाढायचं नाही, कुणी आधी खायचं नाही, चांगला तुकडा कुणाच्या ताटात जायचा नाही. मी तो कापला. लसूण, मिरची, खोबरं पाट्यावर वाटलं. आधी काळीज भाजून खाल्लं, मग बाकीचं. सावकाश खाल्लं, बोटं चाटून. — लाज वाटते ती हे सांगायला, की तसं जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही. पिसं उकिरड्यात पुरली, हाडं चुलीत घातली, आणि कांबळं ओढून पडून राहिले.

सगळे परत आले तेव्हा मी म्हटलं, मुंगसाने नेला.

मथुरा वैनीचं नाक गावात नावाजलेलं होतं. वाटेवर उभी राहून ती कुणाच्या घरात काय शिजतंय ते सांगायची, मासा कालचा की आजचा हेसुद्धा. ती पाट्याजवळ गेली, वाकली. म्हणाली, "दिवसभर पेज पिऊन निजलीस ना? मंग पाट्याला लसणीचा वास कसा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एकवीरा आईची शपथ घेतली. तिचाच कोंबडा पोटात, आणि तिचीच शपथ. मोठ्याने घेतली, रडत घेतली. सासूने निकाल दिला — शपथ घेतलीय, आता कुणी काही बोलायचं नाही. आणि वैनीला म्हणाली, "तापातल्या पोरीवर आळ घेतंस, तुला लाज न्हाय?"

चैत्रात दुसरा कोंबडा नेला. आणि त्याच पावसाळ्यात यमूला ताप भरला, एकवीस दिवस उतरला नाही. वाचली ती. पण वैनीच्या मनाने घेतलं, की शपथ घेतलेल्या बाईला आपण चोर म्हटलं म्हणून देवी कोपली. म्हणजे बघा. चोरी माझी, शपथ माझी, आणि पोरीच्या उशाशी बसून स्वतःला शिव्या देत होती ती.

तरी तिचा राग जात नव्हता. आतून तिला माहीत होतं ना! चार वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर राहिलो आणि एकमेकींशी बोललो नाही. "आये, तिला सांगा मीठ कमी हाय." "आये, तिला सांगा जीभ जाड झालीय." मध्ये सासू बसलेली, ती कुणाचंच कुणाला सांगत नसे.

आणि त्या बुधवारी ती माझ्या पायाशी.

मी काय केलं ते ऐका. मी पातेलं खाली ठेवलं, तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. म्हटलं, "उठा वैनी. माणूस चुकतो. मी कवाच मनातून काढून टाकलं." सासूने डोळे पुसले. दीर म्हणाले, मन मोठं हाय पोरीचं. आणि मला — हे सर्वांत वाईट — मला बरं वाटलं. छाती भरून आली. क्षणभर मला वाटलं की मी खरोखरच माफ करते आहे.

मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत सगळे मरणारच, तर कशाला हिच्या डोक्याला ताप? मरणार म्हणून गप्प बसले. आणि मेले नाही म्हणून गप्प राहिले.

पण ती संध्याकाळ! तेवढा आनंद मी पुन्हा पाहिला नाही, हेही कबूल करते. चार वर्षांचं बोलणं तुंबलं होतं, ते आम्ही दोघी चुलीशी बसून एका दमात बोललो. तिने मला काल्हेरच्या नवरीची सगळी भानगड सांगितली, जी मला चार वर्षं कळली नव्हती. मी हसून हसून भाकरी जाळली. तिने कोंबडी वाढताना काळीज माझ्या ताटात घातलं, आणि मी ते खाल्लं. गावात कुणी ढोलकी काढली. म्हाताऱ्या बाया अंगणात नाचल्या, कमरेवर हात ठेवून, आता गुडघे दुखले तरी कुणाला उद्या उठायचंय म्हणत. आकाशात ढग होते, पडणारं काही दिसलंच नसतं. मी आणि वैनी एका घोंगडीत शेजारी निजलो. तिचा हात माझ्या हातात होता.

सकाळी उठलो तर सगळे जिवंत. रेडिओने सांगितलं, ऑस्ट्रेलियाकडे पडलं. सासूने विचारलं, "तिकडं आपल्यातली कुणाची पोर दिलीय का?" नाही म्हटल्यावर ती निश्चिंत झाली. मग बाहेर ओरडा ऐकू आला. शेजारी फावडं घेऊन बांधावर उभा होता आणि दोन हात जमीन मोजत होता. दीर धावले. "आरं, मरायचं होतं म्हनून बोललो!" त्या आठवड्यात गावात जेवढी भांडणं झाली तेवढी कधी झाली नसतील. कबूल केलेलं परत घेता येत नव्हतं. एक मी सोडून सगळा गाव पस्तावला.

मी कशाला पस्तावेन? मला तर मिळत गेलं. जिताडा मासा आला की डोकं माझ्या ताटात. नवी साडी घेताना रंग आधी मी निवडायचा. बाळंतपणात तिने माझं न्हाणं काढलं, महिनाभर मला चुलीपुढे बसू दिलं नाही. वर्षं गेली, आणि स्कायलॅबची गोष्ट निघाली की तीच नातवंडांना सांगायला लागली — मी तारीवर आळ घेतला होता, पण तिने मोठ्या मनाने माफ केलं. मी तिथेच बसलेली असायचे. एकदाही उठले नाही. "जाऊ द्या हो वैनी," म्हणायचे. तेही शोभून दिसायचं.

एक गोष्ट मात्र तिने गमावली, ती मी रोज बघते. ते नाक. दूध उतू गेलं, काही करपलं, तर ती आधी मला विचारते, "तारे, वास येतोय का गं? की मलाच भास?" माझी सून काही खोटं बोलली तरी ती ते धरत नाही. म्हणते, नको बाई, मी एकदा चुकले होते. ती चुकली नव्हती. कोंबडा गेला त्या दिवशी त्या घरात एकटी तीच बरोबर होती.

त्या बुधवारी आमच्या घरात सहा माणसं होती. स्कायलॅबने त्यातलं कुणी मेलं नाही. सासू, दीर आणि माझा नवरा पुढे आपापल्या मरणाने गेले. यमू तिच्या सासरी आहे. त्या सहांपैकी घरात आता मी आहे आणि मथुरा वैनी आहे. ती शहात्तर वर्षांची आहे, आणि तिला अजून सगळं नीट ऐकू येतं.