आमच्यात खिन्न कोणी नाही

रत्ना अवसरी बुद्रुकची. विद्यापीठात मानसशास्त्राचं एम.ए. करत होती, आणि हा अभ्यास म्हणजे वेड्यांची डॉक्टरकी नव्हे, हे गावाला सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. विभागातल्या मॅडमना त्यांच्या संशोधनासाठी एकच मदतनीस विद्यार्थी घ्यायचा होता. ती जागा रत्नाला काही करून हवी होती. अट एवढीच, की गावाकडच्या तीस बायकांकडून प्रश्नावली भरून सोमवारी आणायची. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, समजावून सांगायचं नाही.

हात्तिच्या, एवढंच ना! शनिवारी सकाळीच ती कांद्याच्या खुरपणीवर पोचली आणि बांधावर बसून तिने खणखणीत आवाजात वाचलं, "गेल्या दोन आठवड्यांत आपणांस खिन्न वाटले का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"न्हाई बया," ठकूबाई गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून म्हणाली, "आमी माळकरी मान्सं. आमच्यात तसलं कोन करीत न्हाई."

"आमच्यात बी न्हाई," दुसरी घाईने म्हणाली. "मालकांनी तंबाकूसुदिक सोडली!"

रविवारी संध्याकाळपर्यंत तीस कागद भरले, आणि तीसच्या तीस बायका सुखी निघाल्या. रत्नाची आई कुशाबाईसुद्धा. "मला काय धाड भरलीय?" म्हणून तिने विषय मिटवला होता. आता मात्र रत्नाचं धाबं दणाणलं. हे कागद तू घरी बसून भरलेस, असंच मॅडम म्हणणार. जागा गेलीच. चार-दोन ठिकाणी 'होय'वर खूण करावी, असं मनात येऊन तिने पेन हातात घेतलंही.

तेवढ्यात ठकूबाई विरजण मागायला आली आणि दारातच टेकली. "नातू बोर्डिंगात गेला न् तवापासनं करमंना बघ, रत्ने. घास ग्वाड लागत न्हाई."

रत्नाने तिचा कागद उपसून काढला. खिन्नता: नाही. क्षुधामांद्य: नाही. ती इतकी मोठ्याने हसली की ठकूबाई रुसलीच.

खुणा तिने होत्या तशाच ठेवल्या. वर एक चिठ्ठी जोडली, "मॅडम, प्रश्न बायकांना कळलेच नाहीत. आमच्याकडे कोणी खिन्न होत नाही. आमच्याकडे करमत नाही."

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. "जागा तुझी," त्या म्हणाल्या. "आधी हे प्रश्न तुमच्या बोलीत लिही, आणि पुन्हा विचारून ये."

पुढच्या शनिवारी रत्नाने घरापासूनच सुरुवात केली. आई भाकरी थापत होती. समोर बसून तिने ऐटीत विचारलं, "आई, गेल्या दोन आठवड्यांत करमंना, असं झालं का गं?"

कुशाबाईचा हात परातीतच थांबला.

"दोनच आठवड्यांचं इचारतीस व्हय?" ती म्हणाली. "तुला हॉस्टेलात जाऊन दीड वरीस झालं की."