हसून दिलेली पट्टी

अँब्रोझ मुस्कवा कधी रागावलेच नाहीत, असे आमच्या वस्तीत सांगितले जाते. ते खरे नाही. ते एकदा रागावले होते. दिसले मात्र कोणाला नाही.

कॅनडातल्या उत्तर सस्कॅचवानमधली, दोन तळ्यांमधली ती चिंचोळी पट्टी त्यांची. वडिलांनी तिथे कोल्हे धरले, मग त्यांनी धरले, म्हणून त्यांची. घराचा हिवाळा त्या कातड्यांवर निघे. माणसाचा वास जावा म्हणून सापळे ते झाडाच्या सालीत उकळत. बीळ खणून आत कुजका मासा ठेवीत. सापळा बिळासमोर, पण किंचित उजवीकडे. वर चाळलेली कोरडी माती, अलीकडे आडवी काटकी. कोल्हा काटकी ओलांडतो आणि पाऊल नेमके खटक्यावर पडते. ही रीत त्यांनी एकालाच शिकवली: बायकोचा भाऊ नॉर्बर्ट.

आम्हां क्री लोकांत दाजी-मेव्हण्यांनी एकमेकांची थट्टाच करायची असते. रागावला तो हरला. त्या शरदात मासे वाळत घालताना नॉर्बर्ट सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुमचे गुडघे आता बदकासारखे ओरडतात. यंदा पट्टी मला द्या, तुम्ही ताईच्या चुलीपाशी मोजे विणा!"

"घे की! तुझं थोबाड बघूनच कोल्हे पळतील."

सगळे पोट धरून हसले.

काही दिवसांनी अँब्रोझ पट्टीवर गेले, तर जागोजागी ताजी चाळलेली माती, आडव्या काटक्या. हात कोणाचा, हे विचारावे लागले नाही. पुढच्या वळणावर नॉर्बर्ट बीळ खणत होता.

"हे काय रे?"

"चारचौघांत मागितली, चारचौघांत दिलीत."

"थट्टा होती ती!"

"तुमची असेल. आता परत मागा, म्हणजे लोक म्हणतील, दाजी मेव्हण्याच्या बोलण्यावर चिडले."

नॉर्बर्टची बाजू मी वेगळी ऐकली आहे. त्या दिवशी मनात काहीच नव्हते, असे तो सांगतो. पण थट्टेच्या आदल्या दिवशीच त्याने सापळे उकळले होते, हे त्याची सख्खी बहीण, अँब्रोझची बायको व्हेरोनिक, सांगते.

परतताना एका सापळ्यात तांबडा कोल्हा अडकलेला दिसला. दुसऱ्याच्या सापळ्यातल्या जनावराचे जे करायचे, तेच अँब्रोझ यांनी केले. त्याला मारले आणि इतर जनावरांनी कातडे फाडू नये म्हणून नॉर्बर्टसाठी उंच फांदीवर टांगून ठेवले. मग आपले सापळे खांद्यावर घेऊन ते दलदलीकडे वळले. तिकडे कोल्हे फारसे फिरकत नाहीत.