हेला मावशीचा दादा

हेला मावशी आज सकाळी गेली.

तिचा भाऊ अजून सापडलेला नाही.

मावशी पोलिश. ईस्ट कोस्टला आमच्याच काँडोत, आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायची. ओळख लिफ्टमध्ये झाली. मी माझ्या लेकीला, इराला, रागावत होते आणि मागून आवाज आला, "पोरीला कशापायी वरडाय लागलीस?"

वळून बघते तर गोरीपान, निळ्या डोळ्यांची आजी!

इरा तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, हर मराठी इज बेटर दॅन माइन, लाह."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता कोल्हापूरजवळ, वळिवड्याला. मावशी आईबरोबर तिथे वाढली. मोठा भाऊ स्ताशेक त्याआधीच वाटेत वेगळा झाला होता. तो इंग्लंडला गेला आणि पोलिश बॉम्बरवर गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा, झाला. विमानाच्या अगदी शेपटीत, पाठ सगळ्यांकडे करून, एकटा बसणारा.

एकदा ते विमान परत आलंच नाही.

कॅम्पात बातमी आली तेव्हा आईची वाचाच गेली. लहानग्या हेलाला सांगितलं ते दूध घालणाऱ्या आक्कांनी. "तुझा दादा आता यायचा न्हाई गं बाई."

म्हणून असेल, पण भावाबद्दल ती फक्त मराठीत बोलायची. मुलाशी, युरेकशी, कधीच नाही; त्याला मराठी येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हार्बरफ्रंटच्या त्याच्या ऑफिसमधून युरेकचा फोन आला. आवाज थकलेला.

"मेघना, संध्याकाळी वर येशील? माझं ती ऐकत नाहीये."

हॉलंडमध्ये एका कुरणाखाली, चिखलात, विमान सापडलं होतं. आत माणसं होती. डीएनए जुळवायला स्ताशेकच्या बहिणीचा नमुना हवा होता. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस.

टेबलावर ते किट उघडं पडलं होतं. मावशी खिडकीकडे तोंड करून बसलेली.

युरेक पोलिशमध्ये काहीतरी बोलला. तो पुन्हा बोलला, मोठ्याने. मग त्याने टेबलावर हात आपटला आणि स्वतःच दचकला.

"युरेकला कळू देऊ नको," ती मला मराठीत म्हणाली. "आईनं मरस्तोवर दादाचं ताट मांडलं. आता मी ही काडी तोंडात घातली, की मीच त्याला मारल्यागत व्हईल."

मी तिच्याजवळ खुर्ची ओढली.

युरेकने मला सांगितलं होतं तेवढंच मी तिला सांगितलं. हाडं एकमेकांत मिसळलीत. बाकी ज्यांचे घरचे आहेत, त्यांनी नमुने दिलेत. तुझा मिळेपर्यंत ते कुणालाच मातीत ठेवणार नाहीत.

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, मावशी."

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग तोंड उघडलं. युरेकने किट माझ्याकडे सरकवलं. काडी मी फिरवली.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. तिने पार्कमधलं चालणं सोडलं. फोन वाजला की खुर्चीचा हात घट्ट धरायची. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या वाढवल्या आणि बजावलं, विमानप्रवास अजिबात नाही.

निकाल आला तेव्हा आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सवर, जेवत होतो. रविवार, प्रचंड गर्दी. युरेक एका कानावर हात दाबून ऐकत होता. फोन ठेवला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"इट्स नॉट हिम, मॉम. त्यातला कुणीच तो नाही."

विमानाची शेपूट आकाशातच तुटून वेगळी पडली होती. कुठे, कुणालाच माहीत नाही. बाकी सगळे सापडले. फक्त तो नाही.

मावशीने युरेककडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "मग दादा कुठं हाय?"

आजूबाजूला ट्रे आपटत होते, कुणीतरी ऑर्डर ओरडत होतं.

युरेक बोलत राहिला, बहुतेक गप्प बसवेना म्हणून. सगळ्यांची नावं लागली. एकाचं तर बाकीचे सगळे ओळखले गेले आणि तोच उरला म्हणून लागलं. वायरलेसवरचा पोरगा. त्याचं मागे कुणीच उरलेलं नाही.

मावशीने मान वर केली. "त्याच्या मातीला कोण जाणार?"

मी युरेकला ते इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "सरकारी माणसं असतील, मॉम."

"मी जातो," मावशी म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायकांसारखं ती 'जाते' नाही, 'जातो'च म्हणायची.

हे त्याला भाषांतर न करताच कळलं. भर हॉकर सेंटरमध्ये तो आईवर ओरडला. यू विल डाय ऑन द प्लेन! लोक वळून बघायला लागले. ती सूप पीत राहिली.

डॉक्टर चिडले. युरेक तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. मी दोघांच्या मध्ये. मलाही ती जायला नको होती, आणि तसं सांगितलंसुद्धा. "तू गप," म्हणाली.

शेवटी युरेकच तिला हॉलंडला घेऊन गेला. मी इथे बसून फ्लाइट उतरल्याचा मेसेज येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही.

तिथे दफनविधीत त्या वायरलेसवरच्या पोराचं नाव पुकारलं आणि घरच्यांची जागा रिकामी राहिली, तेव्हा मावशी उठून पुढे गेली. काठी युरेककडे दिली, वाकली, दोन्ही हातांनी माती घातली. काहीतरी बोलली. पोलिश नव्हतं ते.

युरेकने तेवढे आवाज लक्षात ठेवून मला फोन केला. "मेघना, व्हॉट इज 'दादा, मी आलो'?"

मी सांगितलं.

मग तो रडायला लागला. मामाबद्दल आईच्या तोंडून त्याने ऐकलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या कबरीपाशी.

ती धडधाकट परत आली. डॉक्टरांना जिंकल्यासारखं हसून दाखवलं. पुढे वर्षभर पार्कमध्ये रोज चालली, आणि युरेकला दादाच्या गोष्टी सांगितल्या. पोलिशमध्ये.

आज दुपारी युरेकने हॉलंडला फोन करून आईच्या जागी स्वतःचा नंबर दिला. दुसरा नंबर माझा आहे. शेपूट सापडली तर ते कळवतील. आम्ही जाऊ.

मावशी, तू आता वाट बघू नकोस.

नीट जा. तुला आमचा सगळ्यांचा नमस्कार.