खांबावरची थाप

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात पाळी सुटली, की बाहेर पडणारा प्रत्येक जण दाराजवळच्या लोखंडी खांबावर तळहाताने एक थाप मारून जायचा. खांबाला हिरवा रंग होता, पण छातीच्या उंचीवर वीतभर जागेत तो कधी टिकलाच नाही. तिथलं लोखंड हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं.

कचेरीत नव्याने लागलेल्या मुलीने यामागचं कारण विचारलं. पहारेकरी म्हणाला, बांधकामात हा खांब सगळ्यांत आधी उभा राहिला, म्हणून त्याचा मान. मिस्त्री म्हणाला, अंगात साठलेली वीज लोखंडात उतरते, शास्त्र आहे त्यामागे. पॅकिंगच्या बायकांचं म्हणणं, थाप न मारता गेलेल्या एकाचा दुसऱ्याच दिवशी हात प्रेसखाली गेला. कोणाचा, कधी, ते एकीलाही सांगता येईना, पण सांगताना आवाज मात्र सगळ्यांचा खाली यायचा.

मुलीने कोणाशी वाद घातला नाही. याच खांबाला पाठ टेकून तिच्या वडिलांनी डब्यांची झाकणं दाबण्यात उभी हयात काढली होती. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. कारखान्यात त्यांना ‘होहो’ म्हणत, कारण काहीही विचारलं तरी ते मान डोलावून “हो, हो” म्हणायचे. प्रेसच्या दणदणाटाने त्यांचे कान हळूहळू गेले होते. कान गेलेल्याला प्रेसवर ठेवायचं नाही, असा नियम होता. कळलं असतं तर झाडूकामावर टाकलं असतं, म्हणून त्यांनी मुकादमाला ताकास तूर लागू दिली नाही, सोबत्यांनाही नाही. घरी बायकोला मात्र सांगत, “भोंगा ऐकू येत नाही, पण आमच्याकडे खांबावर थाप मारायची जुनी रीत आहे. पाठीला हादरा बसला, की समजायचं पाळी सुटली. माझं आयतंच फावलं.” सांगताना चेहरा असा खुलायचा, जणू सगळ्या कारखान्याला त्यांनी गंडवलं होतं.

मुलगीही तेच खरं धरून चालली होती.

मग एक दिवस निवृत्तीच्या पैशांचं काही काम घेऊन पॅकिंगमधली एक जुनी बाई कचेरीत आली. सगळे तिला मावशी म्हणत. काम झाल्यावर तिने विचारलं, “तू नवीन का गं? कोणाची?”

मुलीने वडिलांचं नाव सांगितलं. मावशीला काही उमगलं नाही.

“होहोंची,” मुलगी मोठ्याने म्हणाली.

उठायला निघालेली मावशी परत बसली. “तुझ्या बापापायी तर ती थाप सुरू झाली.”

“पण ती जुनी रीत ना? बाबा तसंच सांगायचे.”

“कसली जुनी? माझ्या या हाताने सुरू झाली. त्याचं तोंड भिंतीकडे, घड्याळ पाठीमागे. भोंगा झाला का बघायला सारखा वळायचा. एकदा असाच वळला आणि बोट जाता जाता राहिलं. मी शेजारीच खोकी बांधत होते. त्या संध्याकाळी जाताना खांबावर हात आपटला, तसा दचकला आणि मशीन बंद केली. मग रोजच आपटायला लागले. पण मी एकटीच मारते म्हटल्यावर मुकादमाला संशय आला असता. म्हणून सगळ्यांना सांगितलं, जाताना मारा, कुणी विचारलं तर दुसऱ्या पाळीची जुनी रीत म्हणून सांगा. खूळ वाटलं पाहिजे.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?”

“अख्ख्या पाळीला. आम्हाला माहीत आहे, हे त्याला तेवढं माहीत नव्हतं.”

घरी आल्यावर मुलीने आईला सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“मरेपर्यंत ह्यांना वाटत होतं, कुणाला कळलं नाही,” ती म्हणाली. मग हातातली घडी बाजूला टाकून, रागाने, “एकाने तरी सांगायचं होतं. सगळी वर्षं धास्तीत काढली. सुट्टीच्या दिवशी शेजारचं कुणी बोलायला आलं, तरी घाम फुटायचा त्यांना.”

पुढे काही दिवस आईने तो विषय काढला नाही. मग एका सकाळी म्हणाली, “मला त्या बाईंकडे ने.”

मावशी दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. तिने पाणी दिलं. आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. पाण्याला हात न लावता तिने विचारलं, “ह्यांना कुणी हसायचं का हो?”

“हसायचो,” मावशी तिच्या ओठांकडे बघत म्हणाली. “खोटं कशाला बोलू? होहो हे नाव मीच पाडलं. मुद्दाम विचारायचो, घर विकतोस का, बायकोला माहेरी धाडतोस का. तो आपला हो, हो. पोट धरून हसायचो.”

आईने विचारलं, “मग?”

“मग एकदा माझ्या नवऱ्याने घरात मला हाका मारल्या. शेवटी येऊन खांदा हलवला आणि काहीतरी विचारलं. मला नीट ऐकूच आलं नाही, कान माझेही चालले होते. मी म्हटलं, हो, हो.” मावशीने पाण्याचा पेला आईकडे सरकवला. “त्यानंतर नाही हसले.”

“मग ह्यांना सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर हात जोडले असते त्याने, आणि रोज आमच्यापुढे मान खाली घालून बसला असता. दारातून कसा ताठ जायचा तो, तुम्ही बघितलं नाहीत.”

आईने तो पेला उचलून रिकामा केला. मग आपलं स्टूल मावशीच्या शेजारी ओढलं आणि तिच्या कानाशी आवाज चढवून सांगायला लागली, घरी ते कसे होते, कशावरून चिडायचे, तिच्या ओठांकडे बघून न बोललेलंही कसं ओळखायचे. मुलगी खिडकीशी बसून राहिली. आईला एवढ्या मोठ्याने बोलताना तिने वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं.